पंज पडणारा हात

कवडीमोल म्हणतात खरं, पण आमच्या घरात सुनांची किंमत सहा कवड्यांवर ठरत असे. सासूबाईंचा दंडकच होता तसा. लग्न होऊन येणारीने माहेरून आपल्या सहा कवड्या आणायच्या, मखमलीच्या बटव्यात घालून. दुसरीच्या कवड्यांना बोट लावायचं नाही. लावलं की तिचं नशीब आपल्याला चिकटतं. दुपार कलली, असरची नमाज झाली, की सासूबाई भरतकाम केलेला फुलीच्या आकाराचा पट गालिच्यावर अंथरायच्या आणि बरजीसचा डाव मांडायच्या. पुरुष दुकानात. घराचा कारभार कुठे ठरतोय, याचा त्यांना पत्ताही नसायचा.

खेळ साधा. सहा कवड्या मुठीत खुळखुळवून टाकायच्या. किती उताण्या पडल्या, ते दान. पाच उताण्या पडल्या तर पंज: पंचवीस घरं चालायची आणि वर पुन्हा टाकायचं. एकच उताणी पडली तर दुस्त: दहा घरं, आणि पुन्हा टाकायचं. बाकीची दानं म्हणजे कोरडी भाकरी, पोट भरतं एवढंच.

मी दमास्कसची, जॉर्डनमध्ये इर्बिदला दिलेली. वडील तांबट. शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत. पुढे वडील म्हणाले, भांडी घासायला पुस्तक लागत नाही. पण माझ्या हातून पंज पडायचा. असा पडायचा, की सासूबाईंसारखी बाई, जिने कधी कुणाच्या स्वयंपाकाला बरं म्हटलं नाही, ती पहिल्याच हिवाळ्यात चार बायकांत म्हणाली, "वजीहाच्या हाताला यश आहे." झालं. त्या दिवसापासून ऑलिव्हच्या लोणच्याची पहिली बरणी माझ्या हातची. नव्या बाळाच्या जिभेला खजूर चाटवायचा तो मी. नवरीच्या तळहातावर मेंदीचा पहिला गोळा ठेवायचा तो मी. गल्लीतल्या बायकासुद्धा बोलवायला यायच्या. मी आधी नाही म्हणायची, मग जायची. लगेच गेलं की किंमत राहत नाही.

धाकटी जाऊ नज्मिया माझ्यानंतर आली. अजलूनच्या डोंगरातली, हसरी, जराशी वेंधळी. तिच्या हातीही पंज पडायचा, नाही असं नाही, पण सणासुदीला घरात मटण शिजावं तसा. माझ्या समोर बसून कुणाचाही हात भिकाऱ्याचाच दिसला असता. सासूबाई म्हणाल्या, "हिचा हात रिकामा." नज्मिया हसली. ती कशालाही हसायची. मला वाटायचं, तिला लागत नाही.

सासूबाई गेल्या. आम्हा दोघींचे नवरे गेले. मी खालच्या मजल्यावर मुलगा, सून आणि नात जुमाना यांच्यात. नज्मिया वरच्या मजल्यावर तिच्या मुलाकडे, गियासकडे. असर झाली की ती जिना उतरून यायची, बटवा कमरेला, हातात काहीतरी झाकलेलं. मी वर खेळायला कधी गेले नाही. थोरलीने जिना चढायचा नसतो.

"बसा जाऊबाई, आज तुम्हाला हरवते," ती रोज म्हणायची.

"हरव हो. उंदीर निघाला सिंहाच्या लग्नाला."

रोज हरायची. चहा प्यायची, वर जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

यंदा थंडी सरता सरता ती जिन्यात मध्येच बसायला लागली. हृदयाची झडप निकामी होत चालली आहे, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन केलं तर दहांतल्या नऊ जणी चालत घरी जातात. नाही केलं तर पुढचा हिवाळा... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. गियासने सगळी जुळवाजुळव केली, आणि नज्मिया नाही म्हणाली. मुलगा रडला, लेक सुहैर अकाबाहून फोनवर रडली. ही आपली नाहीच.

मग मी घेतली तिला फैलावर. पट मधे, चहा बाजूला.

"नऊ जणी चालत घरी जातात, ऐकलंस ना? कान आहेत का नुसत्या डूल टांगायच्या खुंट्या?"

"ऐकलं की." ती कवड्या खुळखुळवत होती. "त्या नऊ कुणी दुसऱ्या, जाऊबाई. दहावी मी."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. रोज, असरनंतर." तिने टाकल्या. दोन उताण्या. "बघा. माझ्या हाताचं मला ठाऊक नाही होय? मरेन ती माझ्या उशीवर मरेन, त्या हिरव्या चादरीखाली नाही. टाका तुम्ही, चहा निवतोय."

मी टाकल्या. पंज.

तिने नुसत्या भुवया उचलल्या. पंज पडला आणि मला आनंद झाला नाही, असं माझ्या आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

त्याच दिवसांत जुमानाचं तौजीहीचं, म्हणजे बारावीचं, वर्ष. ज्या घरात तौजीहीचं लेकरू, त्या घरात टीव्ही मुका आणि पाहुणे बंद. पोरगी मंद नव्हे, माझ्यावर गेली आहे, पण संख्याशास्त्राचं एक प्रकरण तिच्या घशाखाली उतरेना. यादृच्छिक चल. मी नाव ऐकलं आणि म्हटलं, "हे काय, कुणा तुर्की पाशाचं नाव?"

"आजी, ऐक ना. तू कवड्या टाकतेस. टाकायच्या आधी किती उताण्या पडणार ते ठाऊक असतं?"

"मला असतं."

"आजी!"

"बरं, नसतं."

"तर त्या 'किती'ला हे नाव दिलंय. शून्य ते सहा, काहीही निघेल. मग शून्याच्या वाट्याला किती, एकच्या वाट्याला किती, दोनच्या, अशी वाटणी मांडली की ते संभाव्यता वितरण. सगळे वाटे मिळून बरोबर एक व्हायला हवेत."

"म्हणजे भाकरी एकच. तुकडे कितीही करा."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मांजर बोललं. "अगं हो! अगदी तेच."

"मग एवढं लांब नाव कशाला? तुमच्या बाईंना अक्षरं मोजून पगार मिळतो का?"

त्यांच्या बाईंनी, मिस सौसनने, मुलींना सांगितलं होतं की घरातली अशी एखादी वस्तू घ्या, पुष्कळ वेळा टाकून बघा आणि तिचं वितरण मांडून आणा. कुणी नाणी घेतली, कुणी फासे. जुमानाने माझ्या कवड्या मागितल्या. मी माझ्या कवड्या कुणाला देत नाही, पण नात म्हणजे माझंच बोट. दुपारभर ती गालिच्यावर टाकत बसली, कागदावर रेघा मारत. नंतर दोन दिवसांनी शाळेतून आली ती डोळे सुजवून.

"मिस म्हणाल्या, आकडे घरी बसून बनवलेस."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, कवडी नाण्यासारखी नसते, दोन्ही बाजूंनी सारखी पडेलच असं नाही, ते मान्य. पण सहाही कवड्या एकसारख्या असतील तर वितरणाला एक घाट येतो. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. माझ्या तक्त्यात शून्याचा वाटा काहीच नाही. एकचाही नाही. एवढ्या दानांत दुस्त एकदासुद्धा नाही, आणि पंज मात्र दर चौथ्या दानाला. सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, खोटं लिहायचं तर निदान धडा वाचून लिहायचं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "माझ्या नातीला खोटारडी म्हणते? उद्या येते मी शाळेत. तिच्या टेबलावर पंज पाडून दाखवते. सांग तिला, दुस्त आमच्याकडे पडत नाही. माझ्या हाती तो कधीच पडला नाही. असल्या बारीकसारीक दानांसाठी हा हात नाही. या हाताला यश आहे."

जुमानाने नाक पुसलं. "पण आजी, टाकल्या मी. तू नाही."

"मग काय झालं? माझं रक्त आहे तुझ्यात."

"मला कंटाळा आला तेव्हा आईनेही टाकल्या. तेव्हाही पंजच पडत होता."

स्वयंपाकघरात सुनेचं भांडं वाजत होतं, ते थांबलं. तिच्यात माझं रक्त असल्याचा आरोप आजवर कुणी केला नव्हता.

पोरगी हुशार. रडणं थांबलं की तिचं डोकं चालतं. ती गालिच्यावर मांडी घालून बसली आणि एकेक कवडी सुटी टाकायला लागली. पहिली: उताणी, पालथी, पालथी, उताणी. दुसरी तशीच. तिसरी मात्र उताणी पडली, पुन्हा उताणी, पुन्हा उताणी. तिने ती उंच उडवली, घरंगळत सोडली, पालथी धरून हळूच टाकली. कवडी गोल फिरायची, डुलायची आणि पाठीवर आडवी व्हायची, जेवण झाल्यावर माझी नणंद सोफ्यावर व्हायची तशी. सहांत अशा दोन निघाल्या.

जुमानाने केसातला आकडा काढला आणि कवडीच्या फटीत घालून खरवडलं. जुनं काळपट मेण निघालं. मेणाखाली चमकलं ते शिसं. आत, पाठीच्या पोकळीत ओतलेलं, वरून मेणाने लिंपलेलं. किती सुबक काम. बाहेरून काही म्हणता काही कळू नये.

"बघ आजी!" तिचा चेहरा उजळला, तिचा तक्ता खरा ठरला होता. "दोन कवड्या कायमच्या उताण्या. म्हणून शून्य नाही, एक नाही. उरलेल्या चारांतल्या तीन पडल्या की तुझा पंज झाला. धाकट्या आजीला मात्र सहांतल्या पाच पाडाव्या लागतात. हात-बित काही नाही गं यात, नुसतं..." मग तिने माझं तोंड पाहिलं. "आजी, तुला ठाऊक नव्हतं ना?"

"जा," मी म्हटलं, "चहा ठेव."

ठाऊक नव्हतं. देवाशपथ नव्हतं. मला आठवला तो निरोपाचा दिवस. वडिलांनी बटवा माझ्या हातात दिला होता, बोटं कल्हईने काळी. "घर मोठं आहे, सासू कडक आहे म्हणतात. पण घाबरू नको पोरी, तुझा हात वर राहील." मला वाटलं, आशीर्वाद देतायत. त्यांच्यावर रागवू तरी कशी? बापाने आपल्या लेकीचा विचार केला. पटाच्या पलीकडे बसणारीसुद्धा कुणाची तरी लेक असेल, हे त्या तांबटाला कुठून सुचावं.

आणि पटाच्या पलीकडे नज्मिया होती. "त्या नऊ कुणी दुसऱ्या." हे ती कशाच्या भरवशावर म्हणत होती, ते आता माझ्या तळहातावर पडलं होतं. सांगितलं तर ती कदाचित ऑपरेशनला तयार होईल. सांगितलं तर माझा हात जाईल. या गल्लीत माझं दुसरं काय आहे? नवरा गेला, दुकान मुलाच्या नावावर, घरात सुनेची चव. लोक अजून मला उठून जागा देतात ती या हातासाठी.

त्या दिवशी असर झाली, ती आली, आम्ही खेळलो. माझ्या कवड्यांना हात लावताना मला त्या दोन वेगळ्या लागल्या, किंचित जड. इतकी वर्षं बोटांना कळलं नसेल का? का बोटांनी मला सांगितलंच नाही? मी जिंकले. ती उठली, दाराला धरून श्वास घेतला, म्हणाली, "उद्या नक्की हरवते हं," आणि जिना चढायला लागली. मी दारातून ऐकत होते. पहिल्या वळणावर ती बसली. उठली. दुसऱ्या वळणावर बसली. तिथून उठल्याचा आवाज येईना, तेव्हा मी बटवा उचलला आणि चपला शोधल्या.

ती पायरीवर भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळसर. मला बघून दचकली.

"अगं बाई, तुम्ही? जिन्यात? कोण मेलं?"

"कुणी नाही. सरक तिकडे."

मी तिच्या शेजारी बसले. गुडघ्यांनी चार शिव्या दिल्या. "हात पुढे कर."

माझ्या कवड्या मी तिच्या ओंजळीत ओतल्या. तिने निखारा पडल्यासारखा हात मागे घेतला. "तुमच्या? नको बाई. चिकटेल."

"चिकटू दे. टाक."

तिने घाबरत पायरीवर टाकल्या. पंज. पुन्हा टाकल्या. चार. पुन्हा. पंज. मग तीन. मग पंज.

नज्मिया खुदकन हसली, अजलूनहून आली तेव्हा हसायची तशी. "अय्या! माझ्या हाती! जाऊबाई, चिकटलं बघा तुमचं नशीब!"

"नशीब नव्हे. शिसं आहे."

आणि मी सांगितलं. वडिलांचं, मेणाचं, जुमानाच्या तक्त्याचं, सगळं. मला बोलायला कधी अडखळावं लागत नाही, तेव्हा अडखळले. "तुझा हात रिकामा नव्हता, नज्मिया. सगळ्या जगाचा असतो तसा होता. माझाच खोटा होता. डॉक्टर दहांतल्या नऊ म्हणाले तर तुझ्यासाठीही नऊच. देव प्रत्येक वेळी शोधून शोधून दहावी चिठ्ठी तुझ्याच हातात देत नाही. त्याला दुसरी कामं आहेत. ऑपरेशन करून घे."

मला वाटलं, ती हसेल. ती कशालाही हसायची. हसून म्हणेल, मेले तुमचे वडील, मला आयुष्यभर हरवलं! मी त्याची वाट बघत होते.

ती त्या दोन कवड्या बोटांत फिरवत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "सुहैरच्या मेंदीला मी दारात उभी होते."

"काय?"

"परात धरून. आत तुम्ही होतात. माझ्या पोरीने तळहात पुढे केला, आणि मेंदी तुम्ही ठेवलीत. मी मागे सरले होते. आपणहून. माझी सावली तिच्या हातावर पडू नये म्हणून."

"अगं, सासूबाईंनीच तर..."

"सासूबाई तेव्हा मेल्या होत्या, वजीहा."

नाव घेतलं. जन्मात तिने मला नावाने हाक मारली नव्हती.

"तू म्हणाली असतीस, ये आत, लेक तुझी आहे, तर मी आले असते. मी दारात उभी राहून तेवढ्याची वाट बघत होते. तू वर बघितलंस सुद्धा. पण तुझा हात आधीच पुढे होता." तिला धाप लागली, तरी थांबेना. "गियास झाला तेव्हा खजूर तू चाटवलास. मी माझ्या पोराच्या ओठाला बोट लावायला भ्यायले. नवऱ्याने दुकान वाढवायचं म्हटलं तर मीच नको म्हटलं, माझा पायगुण नको लागायला. सुहैरला सांगून आलेलं पहिलं स्थळ मला आवडलं होतं, म्हणून मोडलं मी. मला आवडलं म्हणजे वाईटच असणार. आणि हे कशापायी? हरभऱ्याएवढ्या शिशापायी."

"मला ठाऊक नव्हतं."

"नसेल. शिशाचं नसेल. पण जिंकायला तुला आवडत होतं, ते तर ठाऊक होतं? एखाद्या दिवशी, नुसतं एका दिवशी, म्हणायचं होतंस, राहू दे, आज तूच भर पहिली बरणी."

माझ्या जिभेला आजवर उत्तर कमी पडलं नाही. सासूला दिलं, नवऱ्याला दिलं, पोलिसालाही दिलंय. त्या पायरीवर मी नुसती बटव्याची नाडी सोडत-बांधत राहिले.

तिने कवड्या गोळा करून माझ्या मांडीवर ठेवल्या. "गियासला सांग, मी तयार आहे म्हणून." कठड्याला धरून उठली. मी हात पुढे केला. तिने बघितला तो हात, आणि कठडाच धरून वर गेली.

ऑपरेशन झालं. मी दवाखान्याच्या त्या लांब बोळात जपमाळ घेऊन बसले होते. शेजारी जुमाना, मांडीवर पुस्तक उघडं, पान मात्र उलटत नव्हतं. दहांतली एक कुणीतरी असतेच, हे मला आता नीट कळत होतं. शिसं नसलं तरी असते. ती आज नज्मिया निघाली तर? तर तिला या दारातून आत ढकलणारा हात माझाच असणार होता.

डॉक्टर हसत बाहेर आले. नऊ जणींतली निघाली ती. शुद्धीवर आल्यावर गियासला बघून रडली, सुहैरला बघून रडली. मी पलंगाजवळ गेले तर म्हणाली, "या जाऊबाई, बसा. उगाच त्रास घेतलात." पुन्हा जाऊबाई, पुन्हा तुम्ही. पण हे तुम्ही वेगळं होतं. लग्नात भेटलेल्या लांबच्या पाहुणीला म्हणतात ते. मी बसले, सफरचंद सोललं, आणि तिने थोडं खाल्लं. रीत पाळून.

सुहैर म्हणाली, आईला समुद्राची हवा मानवेल, महिनाभर अकाबाला नेते. गाडीत सामान चढत होतं तेव्हा मी बटवा घेऊन बाहेर गेले. वडिलांच्या त्या दोन कवड्या वेगळ्या रुमालात बांधल्या होत्या. "या घेऊन जा," मी म्हटलं. "तिकडे सुहैरच्या सासूला हरव. फार तोरा आहे म्हणतात तिला."

एरवी ती अशा बोलण्यावर पोट धरून हसली असती. "नकोत," म्हणाली. "माझ्या आहेत त्या बऱ्या. गरीब आहेत, पण खऱ्या पडतात." आणि गाडीची काच वर केली. हवेसाठी असेल.

महिना झाला, उन्हाळा झाला, वरच्या मजल्यावरची तिची खोली गियासच्या मुलांना मिळाली. ती परत यायची नाही हे मला कुणी सांगितलं नाही. खोलीतला पलंग उतरवलेला पाहिला आणि समजले. फोन करते कधी. तब्येत बरी, समुद्र बरा, तुमचे गुडघे कसे आहेत. मी म्हणते, ये गं चार दिवस. ती म्हणते, बघू, इन्शाअल्ला. हे 'बघू' मला ओळखता येतं, मी स्वतः आयुष्यभर लोकांना हेच देत आले.

परवा सुहैर फोनवर कौतुकाने सांगत होती, "काकू, इकडे सगळ्या शेजारणी आईला बोलवतात. मेंदी हिनेच लावायची, बाळाला खजूर हिनेच चाटवायचा. मरणाच्या दारातून परत आलेली बाई, तिच्या हाताला केवढं यश, म्हणतात."

जुमाना ऐकत होती. तिने कपाळाला हात लावला. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि फोनमध्ये म्हटलं, "असणारच बाई. आधीपासून होतं."

जुमाना तौजीहीला चांगली पास झाली. संख्याशास्त्रात तर उत्तमच. मिस सौसनने तिची माफी मागितली नाही. शिकलेली माणसं माफी मागत नाहीत, 'मोठं रंजक आहे हं' म्हणतात आणि त्या दोन कवड्या वर्गात दाखवायला मागून घेतात. मी दिल्या. आता त्या कुणीही हाताळाव्यात.

मी अत्ताराच्या दुकानातून दोन साध्या कवड्या आणल्या आणि बटव्यातल्या सहा पुऱ्या केल्या. जुमाना युनिव्हर्सिटीला जाईपर्यंत घरीच आहे. असरनंतर माझ्यासमोर बसते, एका हातात फोन, एका हातात कवड्या. प्रेमाने बसते, पण खेळ तिला खेळ म्हणून येत नाही. दान टाकायच्या आधीच सांगते, आजी, सगळ्यात जास्त वाटा तीनचा. आणि बऱ्याचदा तीनच पडतात. मी आता जवळपास निम्मे डाव हरते. पंज पडतो कधी, सणासुदीला.

काल मी टाकल्या. पाच पालथ्या पडल्या आणि सहावी, अत्ताराकडची, डुलत डुलत उताणी झाली. दुस्त. माझ्या हातचा पहिला. म्हातारपणी. मला हसूच आलं, आणि मान वर करून मी म्हणाले सुद्धा, "बघ गं..."

समोर पोरगी होती. तिने फोनवरून डोळे उचलले. "अरे वा, दुस्त! दहा घरं, आजी. आणि पुन्हा दान. टाक ना."

मी कवड्या गोळा करून बटव्यात घातल्या.

"राहू दे," म्हटलं. "चहा निवला."